पंधरा दिवसांचे गुरुजी

परदेशीं जाऊन तेथील गरीब मुलांस गाणें शिकविण्याची हौस अलीकडे आपल्या सुशिक्षित तरुणांत बळावली आहे. राजारामपुरींतील आमच्याच गल्लींतला एक होतकरू तरुण गेल्या वर्षीं पेटी घेऊन आफ्रिकेंत असाच जाऊन आला. खर्च वडिलांनीं सोसला. मुक्काम पंधरा दिवसांचा. परतल्यावर सत्कार झाला. "तीं मुलें आतां काय गातात?" असें आम्हीं त्यास विचारलें. "ठाऊक नाहीं," असें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें. या सेवेचें सारें वैगुण्य त्या उत्तरांत आलें.

षड्ज गळ्यांत बसावयास महिने लागतात. मूल बेसूर झालें कीं तत्क्षणीं सावरणारा कान शेजारीं असावा लागतो. पंधरवड्यांत एखादें पद पाठ होईल. पण गुरुजी गेल्यावर चुकलेला स्वर दाखविणार कोण?

विष्णु दिगंबर पलुसकरांनीं हें ओळखलें होतें. कुरुंदवाडचे हे पंडितजी १९०१ सालीं लाहोरास, परक्या भाषेच्या मुलखांत, गांधर्व महाविद्यालय काढून बसले. मुलांसाठीं त्यांनीं स्वरलिपीचीं पुस्तकें छापलीं. उपदेशक वर्गांत विद्यार्थी नऊ नऊ वर्षें ठेवून शिक्षक तयार केले. म्हणूनच पुढें ते मुंबईस आले तरी लाहोरची शाळा बंद पडली नाहीं. आमच्या कोल्हापूरचे शंकरराव व नारायणराव व्यास याच शिक्षणांतून निघाले.

आपल्या नगरीचाच अनुभव पाहा. राजपुतान्यांतले अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारीं आले, ते महाराज १९२२ सालीं निवर्तेपर्यंत येथेंच राहिले. तेही पंधरा दिवसांनीं परतते, तर कोल्हापूरच्या पदरांत काय पडतें?

"कांहींच नसण्यापेक्षां थोडें बरें," असें कोणी म्हणेल. अन्नाविषयीं तें खरें असेल, विद्येविषयीं नव्हे. अर्ध्यावर सोडलेलें मूल आपल्यास गळाच नाहीं असें समजून बसतें, आणि मागून येणाऱ्या शिक्षकास तो समज आधीं खोडावा लागतो.

परदेशीं जाऊं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. जावें; पण वर्षभर तरी राहावें, अथवा तेथलाच एक शिक्षक तयार करून यावें. आणि निघण्यापूर्वीं शेजारच्या गल्लींतील दहा मुलांस वर्षभर नेमानें शिकवून पाहावें. ज्यास तेवढें साधत नाहीं, त्यानें दूरच्या मुलांस आशा लावूं नये.