कुत्र्याचा निर्णय वादळाआधीच व्हावा

अटलांटिक महासागरातल्या हरिकेनचा हंगाम दरवर्षी 1 जूनला सुरू होतो आणि 30 नोव्हेंबरला संपतो. टेक्सास, लुईझियाना, फ्लोरिडा या किनारी राज्यांतल्या कुटुंबांना या सहा महिन्यांत केव्हाही घर सोडावे लागू शकते. ह्यूस्टन आणि टॅम्पा भागात स्थायिक झालेली मराठी घरेही त्यात आली. कागदपत्रे, औषधे, पाणी, रोख रक्कम यांची जमवाजमव बहुतेक जण करतात. घरात कुत्रा असेल तर मात्र एक प्रश्न शेवटपर्यंत लोंबकळत राहतो. त्याला घेऊन निघायचे, त्याच्यासाठी घरातच थांबायचे, की त्याला मागे ठेवायचे? या प्रश्नाच्या उत्तरात माणसांचेही जीव गुंतलेले असतात, हे 2005 मध्ये साऱ्या जगाने पाहिले.

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना हे हरिकेन लुईझियानाच्या किनाऱ्यावर धडकले. पूरसंरक्षक बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्सचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. सुटकेसाठी आलेल्या बसमध्ये आणि बहुतेक निवारा केंद्रांत पाळीव प्राण्यांना प्रवेश नव्हता. एका लहान मुलाकडून त्याचा कुत्रा काढून घेतला गेला, ही बातमी देशभर चर्चेत राहिली. फ्रिट्झ इन्स्टिट्यूटने पुढच्या वर्षी केलेल्या पाहणीत, घर न सोडलेल्यांपैकी 44 टक्के लोकांनी पाळीव प्राण्याला मागे टाकायची तयारी नसणे हे थांबण्याचे एक कारण म्हणून सांगितले. महाराष्ट्राला हे परके वाटू नये. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या अनेक शेतकऱ्यांचा पाय गोठ्यातल्या जनावरांपायी घरातून निघत नव्हता. ज्या जिवाला आपण खाऊ घालतो त्याला पाण्यात सोडून जाणे माणसाला जमत नाही. आपत्ती व्यवस्थापनाने हे गृहीत धरूनच आराखडा आखला पाहिजे.

अमेरिकेने तसे केले. ऑक्टोबर 2006 मध्ये तिथे ‘पेट्स ॲक्ट’ हा कायदा झाला. फेमा या केंद्रीय आपत्ती यंत्रणेचा निधी हवा असेल तर राज्यांनी आणि स्थानिक प्रशासनांनी आपल्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचा विचार केलाच पाहिजे, असे हा कायदा सांगतो. त्याची मर्यादाही तितकीच नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक निवारा केंद्रात कुत्रा घेतलाच पाहिजे, असे त्यात म्हटलेले नाही. आपत्तीच्या काळात हॉटेलांना प्राणी नाकारता येत नाहीत, हा समज दर हंगामात नव्याने पसरतो आणि तोही चुकीचा आहे. त्या भरवशावर निघालेले कुटुंब रात्री अकरा वाजता हॉटेलच्या दारातून परत फिरू शकते. अंध किंवा अपंग व्यक्तीच्या मदतनीस कुत्र्याला सार्वजनिक ठिकाणी प्रवेशाचा वेगळा कायदेशीर हक्क आहे. घरच्या लाडक्या कुत्र्याला तो नाही.

निवारा केंद्र चालवणाऱ्यांची बाजूही हलकी नाही. शेकडो माणसे एका सभागृहात खाटेला खाट लावून झोपलेली असतात. त्यात दम्याचे रुग्ण असतात, कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी असलेली मुले असतात, पूर्वी कधी कुत्रा चावल्याने धास्तावलेली माणसे असतात. घाबरलेला कुत्रा रात्रभर भुंकतो, एरवी गरीब असला तरी चावू शकतो. त्याची लस झाली आहे की नाही, हे अशा वेळी कोण तपासणार? मूठभर स्वयंसेवकांनी माणसांची शुश्रूषा करायची की विष्ठा साफ करायची? हे आक्षेप प्राणीद्वेषातून आलेले नाहीत.

तरी त्यांवर उपाय आहेत आणि ते वापरून पाहिलेले आहेत. अनेक काउंटींमध्ये प्राणी चालतील अशी निवारा केंद्रे आधीच ठरवलेली असतात. तिथे कुत्र्यांची सोय वेगळ्या दालनात किंवा शेजारच्या इमारतीत होते, कुत्रा पिंजऱ्यात राहतो, त्याचे खाणेपिणे, फिरवणे आणि साफसफाई मालकानेच करायची असते. 2017 मध्ये हार्वे या हरिकेनच्या पुरात ह्यूस्टनच्या जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये लोकांना प्राण्यांसह आसरा मिळाला. वेगळी जागा, लसीचा दाखला आणि मालकाची जबाबदारी या तीन अटी पाळल्या तर दम्याचा रुग्ण आणि कुत्र्याचा मालक दोघांचीही सोय होते. म्हणून सरसकट बंदीपेक्षा अटींसह प्रवेश हाच रास्त मार्ग आहे.

दुसरा पेच कुटुंबाचा स्वतःचा: निघायचे की थांबायचे? लवकर निघणे नेहमीच सुरक्षित, असे म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. कतरिनानंतर महिन्याभरातच रिटा हे हरिकेन टेक्सासकडे सरकले, तेव्हा धास्तीने 25 लाखांहून अधिक लोक रस्त्यावर आले. महामार्ग तुंबले, गाड्यांतले इंधन संपले, उन्हात तासन्‌तास अडकून पडावे लागले. त्या स्थलांतरातच शंभराच्या आसपास माणसे दगावली. हार्वेच्या वेळी ह्यूस्टनच्या महापौरांनी सक्तीचे स्थलांतर जाहीर केले नाही, त्यामागे रिटाची आठवण होती. कुत्र्याला तर असा खोळंबा अधिकच घातक. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. वातानुकूलन बंद असलेल्या गाडीत असा कुत्रा काही मिनिटांत उष्माघाताच्या तावडीत सापडतो.

मग निकष कोणता? तिथले आपत्ती-तज्ज्ञ वर्षानुवर्षे एकच सांगत आले आहेत: पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून आडोसा घ्या. आपले घर उधाणाच्या टप्प्यात आहे का, हे पाहण्यासाठी फ्लोरिडात ‘ए’पासून पुढे विभाग पाडलेले आहेत. घर सखल विभागात असेल किंवा मोबाइल होम असेल तर आदेश येताच, शक्य तर त्याआधीच, कुत्र्यासह निघावे. घर उंचावर, पक्के आणि विभागाबाहेर असेल तर पुरेशा शिध्यासह आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत थांबणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. शेकडो मैल दूर जायलाच हवे असेही नाही. पाण्याच्या टप्प्याबाहेर, वीस-तीस मैलांवर राहणाऱ्या स्नेह्याचे घर पुष्कळदा पुरते. फक्त ‘कुत्रा चालेल का?’ हे मे महिन्यात विचारून ठेवावे. भारतातून आलेले आई-बाबा, दोन मुले, सामान आणि पिंजरा हे सारे एका गाडीत मावते का, हेही एकदा प्रत्यक्ष बसून पाहावे.

तयारीची यादी मोठी नाही, पण तिला वेळ लागतो. पिंजऱ्यात शांत बसायला कुत्रा एका दिवसात शिकत नाही, आठवडे लागतात. मायक्रोचिप बसवली की काम संपत नाही. तिच्या नोंदीत आपला चालू फोन नंबर असायला हवा. गळपट्ट्याच्या बिल्ल्यावरही तोच नंबर हवा. रेबीजच्या लसीच्या दाखल्याची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत असावी, फोनमध्ये कुत्र्यासह आपला फोटो असावा. हरवलेला कुत्रा आपलाच आहे हे दाखवायला तो उपयोगी पडतो. खाणे आणि पाणी किती, याबाबत सल्ले वेगवेगळे आहेत. कोणी काही दिवसांचे म्हणतात, अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी दोन आठवड्यांचे म्हणते. घरी थांबणाऱ्याने दुसरा सल्ला मानावा. गाडी भरून निघणाऱ्याला पहिला पुरेल. पूर ओसरल्यावर साचलेल्या पाण्यात कुत्र्याला सोडू नये. मुंबईकरांना पावसाळ्यात धास्ती घालणारा लेप्टो त्यालाही होतो आणि त्याच्याकडून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्याला त्याची लस आधी देता येते.

आता शिक्षेचा प्रश्न. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन हे हरिकेन येत असताना टॅम्पाजवळ महामार्गालगत कुंपणाला बांधलेला एक कुत्रा पोटापर्यंतच्या पाण्यात महामार्ग पोलिसांना सापडला. त्याचे नाव ‘ट्रूपर’ ठेवले गेले आणि त्याच नावाने 2025 मध्ये फ्लोरिडात कायदा झाला. नैसर्गिक आपत्तीत कुत्र्याला बाहेर बांधून सोडून देणे हा आता तिथे गंभीर गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यावर एक आक्षेप येतो: ज्याच्याकडे गाडी नाही, पैसे नाहीत आणि ज्याला निवारा केंद्राने परत पाठवले, त्याने काय करायचे? आक्षेपात तथ्य आहे, पण तो बांधण्याचे समर्थन करत नाही. साखळी सोडायला पैसे लागत नाहीत. कुत्र्याला मागे ठेवण्यावाचून गत्यंतरच उरले नाही, तर त्याला घराच्या वरच्या मजल्यावर मोकळे ठेवावे, भरपूर पाणी ठेवावे, दारावर ठळक चिठ्ठी लावावी आणि बचाव पथकाला कळवावे. मात्र शिक्षेचा बडगा उगारणाऱ्या शासनाने प्राण्यांसाठी बस आणि निवाऱ्याची जागाही दिली पाहिजे. दार बंद ठेवून दंड करणे न्याय्य नाही.

हाच विचार आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते कोकण आणि मुंबईच्या जवळून गेले. हवामान खात्याचा इशारा आता काही दिवस आधी मिळतो. तेवढ्या दिवसांत शाळेच्या इमारतीत माणसे हलवताना तिथला एक वर्ग किंवा पडवी कुत्र्या-मांजरांसाठी राखणे कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. गोठ्यातल्या गुरांसाठी उंचावरची जागाही त्याच यादीत असावी. ह्यूस्टन असो वा श्रीवर्धन, शासनाने निवाऱ्याचे दार उघडावे आणि मालकाने लस, पिंजरा व दाखला घेऊन यावे, ही वाटणी दोघांनाही झेपणारी आहे. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक किनारी कुटुंबाने हंगाम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढावी आणि कुठे जायचे, कोणाकडे राहायचे, कुत्रा कोण सांभाळणार, एवढे तीन निर्णय कागदावर लिहून दारामागे लावावेत. इशारा आल्यानंतर हे ठरवायला वेळ नसतो.