सुरांची यात्रा

अलीकडे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत काशी-रामेश्वराच्या शेजारीं व्हिएन्ना, साल्झबर्ग व प्राग हीं नांवें दिसूं लागलीं आहेत. मार्गदर्शक बरोबर देऊन तेथील संगीतनाटकें, म्हणजे ऑपेरा, ऐकविण्याचें आश्वासन त्यांत असतें. चिरंजीव परदेशीं नोकरीस आहेत अशा घरांतून वडील मंडळींस या यात्रेस धाडण्याची भाषाही निघते. हेतु स्तुत्य आहे. परंतु पैसे भरण्यापूर्वीं एक विचारावें : कोणत्या नाट्यगृहांत, आणि कोणत्या महिन्यांत?

कारण व्हिएन्नाचें सरकारी ऑपेरागृह जुलै-ऑगस्टांत बंद असतें. त्या दिवसांत गेलेल्या प्रवाशानें इमारत बाहेरून पाहावी, आणि रात्रीं मोझार्टच्या काळचे केसांचे टोप घातलेल्या वादकांच्या जलशास जावें, इतकेंच उरतें. हे जलसे प्रवाशांकरितांच रचलेले; त्यांत निवडक तुकडे एकामागून एक वाजतात. कीर्तन वगळून नुसत्या आरतीस जावें, तसा हा प्रकार ! साल्झबर्ग येथील १९२० पासूनचा मोठा उत्सव मात्र नेमका याच सुमारास भरतो. त्याचीं तिकिटें फार आधीं घ्यावीं. एरवीं आमच्या सुटीचा मे महिना व्हिएन्नास सोयीचा.

हें गृह १८६९ मध्यें मोझार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’नें उघडलें, मार्च १९४५ मध्यें बाँबवर्षावानें आंतून जळालें, व नोव्हेंबर १९५५ मध्यें बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’नें पुन्हां उघडलें. अन्यायानें कोंडलेल्या पतीस पुरुषवेषानें सोडविणाऱ्या स्त्रीची ती कथा. सावित्रीचें आख्यान ऐकलेल्या श्रोत्यास ती परकी वाटूं नये. गाणाऱ्यास तेथें ध्वनिक्षेपक नसतो. सारा वाद्यवृंद ओलांडून गळा शेवटच्या रांगेस पोहोंचवावा लागतो. आसनासमोरील लहान पडद्यावर इंग्रजी अर्थ उमटतो. थोडक्या पैशांत उभें राहून ऐकण्याची सोय आहे, पण गुडघे दुखणाऱ्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये.

प्रागचें एस्टेट्स नाट्यगृह तर अवश्य पाहावें. ‘डॉन जोव्हान्नी’चा पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ रोजीं स्वतः मोझार्टनें तेथेंच चालविला. आदल्या वर्षीं व्हिएन्नांत त्याच्या ‘फिगारो’स इतके ‘वन्समोअर’ पडले कीं, बादशहा दुसऱ्या जोसेफानें अनेकांनीं मिळून गावयाच्या पदांची पुनरावृत्ति हुकुमानें बंद केली. असा हुकूम आमच्या नाटकमंडळ्यांस लागू झाला असता, तर प्रेक्षकांनीं मांडव डोक्यावर घेतला असता !

संस्कृताच्या अभिमान्यांसाठीं आणखी एक गोष्ट. पुण्यास १८८० मध्यें अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलें. त्यापूर्वीं साठ वर्षें फ्रान्झ शूबर्टनें कालिदासाच्या शकुंतलेवर ऑपेरा रचावयास घेतला होता. तो अपुराच राहिला. त्याचें जन्मगृह व्हिएन्नांत जतन केलेलें आहे. पत्रकांत तें नसल्यास मार्गदर्शकाकडे हट्ट धरावा.