खूण दगडावर की कागदावर?

एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ मोहिमेतील जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक चंद्राच्या डेकार्ट प्रदेशात उतरले. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांपैकी एकाच्या प्रतीत एका दगडावर इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी ठळक खूण दिसते. छायाचित्रे बारकाईने न्याहाळणाऱ्या हौशी संशोधकांना ती खटकली. नाटकाच्या सामानावर ओळखीचे अक्षर घालावे तशी ही खूण असून सारे चित्रण पृथ्वीवरच झाले, असा निष्कर्ष अनेकांनी काढला.

खूण दिसत होती, हे खरेच होते. मात्र ती दगडावर होती की कागदावर, हे कोणी पाहिले नव्हते. अखेर एका हौशी अभ्यासकानेच चिकाटीने मूळ फिल्मवरून काढलेल्या प्रती मिळवल्या. त्यांत दगड कोरा होता. नंतरच्या एका छापील प्रतीवर केस किंवा बारीक धागा पडला होता. तिच्यावरून निघालेल्या प्रतींत तोच अक्षर होऊन उमटत राहिला.

आक्षेप घेणारे आणि त्याचा छडा लावणारा, दोघांचीही नजर तीक्ष्ण होती. एकाने दिसताक्षणी निवाडा केला; दुसऱ्याने निवाड्यापूर्वी मूळ प्रत मागितली. आज घरोघरी क्षणोक्षणी चित्रे येऊन पडतात. त्यांपैकी एखाद्यावरून कोणास खोटे ठरविण्यापूर्वी, ते किती हातांतून आपल्यापर्यंत आले, एवढे प्रत्येक सुज्ञाने अवश्य विचारावे.