पिशवीवर लिहायला हरकत कसली?

जिनिंगमध्ये कापसातून रुई निघाली की वजनाने जवळपास दोन तृतीयांश माल सरकीच्या रूपात मागे उरतो. ही सरकी तेलगिरणीत जाते. तेल शुद्ध होऊन डब्यांत, पिशव्यांत आणि फरसाणाच्या कढईत पोहोचते, तर ढेप जनावरांच्या गव्हाणीत जाते. बीटी कापसाला 2002 च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली. आज देशातल्या कापसाच्या क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याच्याखाली आहे. म्हणजे भारतातली माणसे गेली वीसहून अधिक वर्षे जनुकीय बदल केलेल्या पिकाचे तेल खात आहेत. ‘भारतात जीएम अन्न नाही’ असे चर्चासत्रांत आणि बातम्यांत सहज म्हटले जाते. सरकीच्या तेलापुरते तरी ते खरे नाही.

सोयाबीन तेलाची गोष्टही फार वेगळी नाही. जीएम सोयाबीनपासून काढलेल्या तेलाच्या आयातीला 2007 मध्येच मंजुरी मिळाली. आपल्याकडे येणारे कच्चे सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलचे असते आणि त्या दोन्ही देशांतले जवळपास सगळे सोयाबीन जीएम आहे. ब्राझीलमध्ये अशा तेलाच्या बाटलीवर पिवळ्या त्रिकोणात काळा ‘टी’ छापावा लागतो. हे चिन्ह तिथे 2003 पासून आहे. त्याच देशातले तेल समुद्र ओलांडून मुंबई किंवा कांडल्याला उतरते, इथे शुद्ध होते, पिशवीत भरले जाते आणि त्रिकोण गळून पडतो. साओ पावलोच्या गृहिणीला जी माहिती मिळते, ती सोलापूरच्या गृहिणीला का मिळू नये, या प्रश्नाला आजवर कुणी समाधानकारक उत्तर दिलेले नाही.

लेबलाच्या विरोधात पहिला आक्षेप विज्ञानाच्या बाजूने येतो आणि तो गंभीरपणे ऐकायला हवा. परवानगी मिळालेली जीएम पिके खाल्ल्याने आरोग्याला जास्त धोका असतो असा भक्कम पुरावा मिळालेला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 मध्ये शेकडो अभ्यास तपासून हाच निष्कर्ष काढला. मग पिशवीवर ठळक अक्षरांत ‘जीएम’ लिहिले, तर लोक ते विषाच्या बाटलीवरच्या कवटीसारखे वाचतील आणि उगाच घाबरतील, असे अनेक शास्त्रज्ञ म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. युरोपात सक्तीच्या लेबलानंतर मोठ्या दुकानांनी असा माल ठेवणेच जवळपास थांबवले.

पण लेबल म्हणजे धोक्याची सूचनाच, हे गृहीतक भारतात तरी टिकत नाही. आपल्या प्रत्येक बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो. मांसाहारी पदार्थावर आधी तपकिरी ठिपका होता, आता तपकिरी त्रिकोण असतो. अंडे आरोग्याला वाईट आहे असे सरकारला म्हणायचे आहे, असा अर्थ त्यातून कुणीही काढत नाही. काय खायचे आणि काय नाही याबद्दल माणसाच्या मनात श्रद्धा, संस्कार, नैतिक विचार असतात. ते प्रयोगशाळेत सिद्ध करून दाखवण्याची सक्ती त्याच्यावर नसते. हे तत्त्व आपल्या कायद्याने केव्हाच मान्य केले आहे. बियाण्यांवरची कंपन्यांची पकड ज्याला मान्य नाही, किंवा पिकात जिवाणूचे जनुक घालणे ज्याला पटत नाही, त्याची चिंता हिरवा ठिपका शोधणाऱ्यापेक्षा कमी प्रतीची का मानायची? आणि ज्याला जीएम तेलाचे काहीच वाटत नाही, त्याने लेबल वाचून खुशाल पिशवी उचलावी.

दुसरे उदाहरण तर नाशिक जिल्ह्यातलेच आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र 2002 मध्ये सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्याच्यावर गॅमा किरणांचा मारा करणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुढे 2007 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले, ते फळ विकिरण करून पाठवायचे या अटीवर, कारण आंब्याबरोबर तिकडे कीड जायला नको होती. लासलगावहून किरण घेतलेला हापूस अमेरिकेतल्या दुकानांत गेला तो त्या प्रक्रियेचे चिन्ह आणि स्पष्ट नोंद घेऊनच. भारतातही विकिरण केलेल्या अन्नावर तसे लिहिणे बंधनकारक आहे. ‘किरणोत्सार’ या शब्दाइतका भीतीदायक शब्द अन्नाच्या बाबतीत क्वचितच सापडेल. तरीही तिथल्या मराठी माणसांनी आणि इतरांनी तो आंबा घेतला, कारण चिन्ह काय सांगते ते त्यांना ठाऊक होते. प्रक्रिया सुरक्षित आहे, म्हणून ती लपवा, असे तेव्हा कुणी म्हटले नाही.

अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात 1 जुलै 2016 पासून जीएम अन्नावर लेबल सक्तीचे झाले. महिनाभरातच देशव्यापी कायदा आला आणि राज्याचा कायदा मागे पडला. पण तेवढ्या काळात दुकानांत लेबले दिसू लागली होती. जेन कोलोडिन्स्की आणि जेसन लस्क या अभ्यासकांनी लेबलापूर्वीची आणि नंतरची लोकांची मते तपासली आणि 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशाच्या इतर भागांच्या तुलनेत व्हर्मांटमध्ये जीएम अन्नाचा विरोध सुमारे 19 टक्क्यांनी घटला होता. ज्यांना हे तंत्रज्ञान पुढे न्यायचे आहे, त्यांनी हा आकडा जरूर लक्षात घ्यावा. लपवलेल्या गोष्टीचा संशय येतो, उघड सांगितलेल्या गोष्टीची सवय होते.

खेदाची बाब अशी की भारतात या विषयावर नियम नाहीत असे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने 2012 मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती केली आणि जीएम अन्न असलेल्या प्रत्येक वेष्टनाच्या दर्शनी भागावर, वरच्या बाजूला, ‘जीएम’ ही अक्षरे छापणे 1 जानेवारी 2013 पासून बंधनकारक झाले. वाचकाने आपल्या स्वयंपाकघरातली पिशवी उलटसुलट करून पाहावी. हा नियम वजनमापे खात्याच्या हाती होता. त्या खात्याचा निरीक्षक वजन आणि छापील किंमत तपासतो, जनुके तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही. दुसरीकडे 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचे कलम 22 सांगते की नियमांत तरतूद असल्याशिवाय जीएम अन्न बनवता, विकता किंवा आयात करता येणार नाही. ते नियम करायचे काम अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे. 2018 च्या मसुद्यात लेबलासाठी पाच टक्क्यांची मर्यादा होती, 2021 च्या मसुद्यात ती एक टक्क्यावर आली, 2022 मध्ये पुन्हा सुधारित मसुदा निघाला. मर्यादा बदलत राहिली, पिशवी मात्र कोरीच राहिली.

दरम्यान, नवी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2018 मध्ये बाजारातले 65 खाद्यपदार्थ तपासले. त्यांतल्या 32 टक्के नमुन्यांत जीएम अंश सापडला. अंश सापडलेले बहुतेक नमुने आयात मालाचे होते आणि देशी नमुन्यांत तो सापडला तो सरकीच्या तेलात. बहुतेकांच्या वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. काहींवर तर ‘जीएममुक्त’ असे छापलेले होते. ग्राहकाची ही सरळ फसवणूक आहे.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जीएम मोहरीचा निकाल लागला. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती संजय करोल यांचे मोहरीच्या परवानगीवर एकमत झाले नाही. पण आयात होणाऱ्या जीएम अन्नाच्या, विशेषतः खाद्यतेलाच्या, वेष्टनाबाबत आणि लेबलाबाबत अन्नसुरक्षा कायद्याचे पालन झालेच पाहिजे, यावर दोघांचे एकमत होते. जिथे दोन न्यायमूर्ती मुख्य प्रश्नावर वेगळे झाले, तिथेही ग्राहकाच्या माहितीच्या हक्कावर ते एकत्र आले, हे लक्षणीय आहे.

नियम करताना कळीचा मुद्दा एकच आहे आणि तो तेलाचाच. तेल शुद्ध करताना त्यातली प्रथिने आणि डीएनए जवळपास निघून जातात. त्यामुळे ‘चाचणीत सापडले तरच लेबल’ असा नियम केला, तर बहुतेक तेल सुटून जाईल. अमेरिकेने 2018 मध्ये केलेल्या नियमांत नेमके हेच झाले. ज्या शुद्ध केलेल्या पदार्थांत जनुकीय अंश सापडत नाही, त्यांना सूट मिळाली. युरोपने पीक कुठले आहे ते विचारले, उरले काय ते नाही. कच्चा माल जीएम असेल तर तेलावरही लेबल, आणि नकळत झालेल्या मिसळीसाठी 0.9 टक्के सूट. भारताने युरोपचा मार्ग घ्यावा. आपल्याकडे जीएम अन्न म्हणजे मुख्यतः तेल. तेच वगळले तर लेबलाला अर्थ राहणार नाही.

खर्चाचा आक्षेपही तेलाच्या बाबतीत फारसा टिकत नाही. देशातला बहुतेक कापूस बीटी असल्यामुळे सरकी वेगळी ठेवण्याची, दोन गोदामे बांधण्याची गरज नाही. सरकीच्या प्रत्येक तेलावर तसे छापावे, आणि ज्याला देशी कापसाचे तेल म्हणून विकायचे असेल त्याने ते सिद्ध करावे. आयात तेलाचा मूळ देश बंदरातल्या कागदपत्रांतच असतो. भाजीबाजारातल्या सुट्या मालाचे लेबल ही खरोखर अवघड गोष्ट आहे. पण 2010 मध्ये नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या होऊन बीटी वांगे थांबवले गेले, त्यामुळे तो प्रश्न आज समोर नाही. जीएम पेंड खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्यावर तर युरोपही लेबल मागत नाही. तो वाद नंतर घालता येईल.

लेबलामुळे मालाचा माग ठेवता येतो, हा फायदा आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. अमेरिकेत ‘स्टारलिंक’ नावाच्या मक्याला फक्त पशुखाद्यासाठी परवानगी होती. सप्टेंबर 2000 मध्ये तो दुकानांतल्या टॅको शेल्समध्ये सापडला आणि माल परत बोलवावा लागला. विदर्भात ज्याला चोरबीटी म्हणतात, त्या तणनाशक सहन करणाऱ्या कापसाला अजून परवानगी नाही. तरी तो पेरला जातो आणि त्याची सरकी वेगळ्या रस्त्याने जात नाही, त्याच गिरणीत येते. कच्चा माल कुठून आला याची नोंद ठेवण्याची सवयच नसेल, तर उद्या काही बिघडल्यास शोधायचे कुठे?

अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरमध्ये जून 2019 मध्ये शेतकरी संघटनेने बंदी झुगारून हेच बियाणे जाहीरपणे पेरले. कोणते बियाणे पेरायचे हे शेतकऱ्याने ठरवावे, ही त्यांची मागणी. ती मान्य असणाऱ्याने ग्राहकाच्या निवडीलाही तेवढाच मान द्यायला हवा.

आणि लेबलाचा पहिला लाभ कदाचित मराठी शेतकऱ्यालाच होईल. लातूरच्या बाजारात येणारे, विदर्भ-मराठवाड्यात पिकणारे सोयाबीन जीएम नाही. भारताची सोयापेंड परदेशांत त्याच ओळखीवर विकली जाते. ऑगस्ट 2021 मध्ये कुक्कुटपालकांसाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आणण्याची परवानगी केंद्राने दिली तेव्हा इथले सोयाबीन उत्पादक अस्वस्थ झाले होते. देशी बाजारात मात्र त्यांचे तेल आणि ब्राझीलचे तेल एकाच चेहऱ्याच्या पिशवीत विकले जाते. पिशवी खरे बोलू लागली, तर लातूरच्या गिरणीला ‘जीएम नसलेल्या देशी सोयाबीनचे तेल’ असे अधिकाराने छापता येईल आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजणारा ग्राहक शोधता येईल. त्यासाठी प्राधिकरणाने सगळ्या अन्नाचे परिपूर्ण नियम होईपर्यंत थांबू नये. सरकी आणि सोयाबीनच्या वेष्टित तेलापुरती अधिसूचना आधी काढावी, अंमलाची तारीख जाहीर करावी आणि मजकूर राज्याच्या भाषेतही छापायला लावावा.