साठी न गाठलेली वास्तू

आपल्याकडे माणूस साठ वर्षांचा झाला की घरात साठीशांत करतात. लेकीसुना जमतात, औक्षण होतं, गोडाधोडाचं जेवण होतं. इमारतींच्या बाबतीत मात्र साठी हा थेट जगण्यामरण्याचा प्रश्न ठरू शकतो! दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे सभागृह एप्रिल २०१७ मध्ये पाडण्यात आलं, तेव्हा त्याला पंचेचाळीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

ज्यांनी १९७२ ते २०१७ या काळात दिल्लीचा व्यापार मेळा पाहिला असेल, त्यांच्या डोळ्यांसमोर ही वास्तू लगेच उभी राहील. शेंडा कापलेल्या पिरॅमिडसारखा आकार, आणि भिंती-छप्पर असा भेदच नाही. खालपासून वरपर्यंत काँक्रीटच्या त्रिकोणांची एकच अवाढव्य जाळी. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, नोव्हेंबर १९७२ मध्ये भरलेल्या ‘एशिया ७२’ या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यासाठी ती बांधली गेली. वास्तुरचनाकार होते राज रेवल आणि संरचना अभियंता महेंद्र राज.

मी ती पहिल्यांदा पाहिली १९९९ च्या दिवाळीच्या सुट्टीत. माझे काका तेव्हा दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहत. मेळा दरवर्षीप्रमाणे १४ नोव्हेंबरला सुरू झाला आणि आमची वरात निघाली. आईला आणि काकूला वेगवेगळ्या राज्यांच्या दालनांतल्या साड्या पाहायच्या होत्या. आम्हा मुलांचं सारं लक्ष शेजारच्या ‘अप्पू घर’मधल्या पाळण्यांकडे. बाबा मात्र मोठ्या सभागृहात शिरले आणि दुकानांकडे पाठ करून वर पाहत उभे राहिले. ते नाशिकला एका बांधकाम कंत्राटदाराकडे सुपरवायझर होते. सुट्टीतही त्यांची नजर स्लॅबवरच जायची.

“यात खांब कुठे आहे ते शोध बरं,” ते मला म्हणाले.

मी मान दुखेपर्यंत शोधलं. त्या एवढ्या मोठ्या जागेत एकही खांब नव्हता. जाळीतून उन्हाचे कवडसे खाली उतरले होते. लोक त्या त्रिकोणी उजेडातून ये-जा करत होते.

“मग छप्पर पडत कसं नाही?” मी विचारलं.

उत्तर रात्री मिळालं. काकूच्या परातीतली चिमूटभर कणीक आणि आगपेटीतल्या काड्या घेऊन बाबा बसले. कणकेच्या गोळ्यांत काड्या खोचून त्यांनी आधी चौकोन केला. बोटाने ढकलताच तो तिरका झाला. मग तीन काड्यांचा त्रिकोण केला. तो कितीही ढकलला तरी आकार सोडेना. “असे शेकडो त्रिकोण एकमेकांना धरून उभे आहेत. प्रत्येकाने थोडं थोडं ओझं वाटून घेतलंय. म्हणून खांब लागला नाही,” ते म्हणाले. काकू मात्र कणीक वाया गेली म्हणून पुटपुटत होती!

पुढे पत्रकारितेत आल्यावर या वास्तूविषयी वाचलं, तेव्हा बाबांचं कौतुक किती योग्य होतं ते कळलं. सभागृहाची एकेक बाजू सुमारे ७३ मीटर, म्हणजे २४० फूट होती. अशी त्रिमितीय जाळी जगात इतरत्र पोलादाची करत. आपल्याकडे तेव्हा पोलाद महाग, आणि तसे सुटे भाग तयार करण्याची सोयही तोकडी. हात मात्र भरपूर होते. म्हणून सळया बांधून, सेंटरिंग लावून, जागेवरच काँक्रीट ओतून ती जाळी उभी करण्यात आली. एवढ्या प्रचंड आकाराची काँक्रीटची जाळी जगात त्याआधी कुणी बांधली नव्हती. हाताशी असलेल्या साधनांतून काढलेला तो अस्सल देशी तोडगा होता. शिवाय खोल त्रिकोणांमुळे कडक ऊन अडायचं, जुन्या वाड्यांतल्या दगडी जाळीसारखं.

मग ती पाडली का? प्रगती मैदानाचा कायापालट करून तिथे आधुनिक संमेलन केंद्र उभारायचं ठरलं होतं. ती गरज खोटी नव्हती. जुन्या दालनांतल्या गैरसोयी मेळ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होत्या. पण नव्याच्या शेजारी जुनं ठेवता आलं नसतं का, असं देशातले आणि परदेशातले वास्तुतज्ज्ञ विचारत होते. वारसा समितीकडून उत्तर आलं की साठ वर्षांपेक्षा कमी वयाच्या इमारतींचा विचार होणार नाही. रेवल न्यायालयातही गेले. तिथेही यश आलं नाही, आणि २३ एप्रिल २०१७ च्या रात्री यंत्रं चालली. त्या मैदानावर २०२३ मध्ये ‘भारत मंडपम’ सुरू झालं आणि त्याच वर्षी तिथे जी-२० परिषद झाली. त्याआधी वर्षभर, २०२२ मध्ये, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने दक्षिण आशियातल्या वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं होतं. त्यात या सभागृहालाही स्थान मिळालं. वास्तू आपली, पण ती पाहायची ती फोटोंत आणि परक्या देशात!

पाडल्याची बातमी लागली तेव्हा बाबा नाशिकला टीव्हीसमोर होते. मी फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “पाडायला किती वेळ लागला?”

“एका रात्रीत पाडलं,” मी सांगितलं.

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, बहात्तर साली तिथे घमेली वाहणारी पोरं आज साठी-पासष्टीची असतील. त्यांच्यातलं कुणी नातवंडांना सांगत असेल, हे आम्ही बांधलं म्हणून. आता ते काय दाखवणार?”

वारशाचे नियम करताना हा प्रश्न कुणी विचारत नाही. आपल्या पुरातत्त्व कायद्यात प्राचीन स्मारकासाठी शंभर वर्षांची अट आहे, कुठे समित्या साठ वर्षं धरतात. पण ज्यांनी बांधलं, ज्यांनी पाहिलं, ती माणसं हयात असतानाच वास्तू जपली तर तिची गोष्टही तिच्यासोबत जपली जाते. हॉल ऑफ नेशन्सला साठी गाठायला २०३२ साल उजाडावं लागलं असतं. तेवढा धीर कुणाला नव्हता.

वाचकहो, तुमच्या गावातही साठ-सत्तरच्या दशकातलं एखादं नाट्यगृह, वाचनालय, एसटी स्टँड किंवा कॉलेजची इमारत असेलच. दिसायला ती ‘जुनीपुराणी’ वाटेल. वारसा म्हणावी इतकी जुनी मात्र नसेल. येत्या रविवारी मुलांना तिथे घेऊन जा. ती कुणी बांधली, तेव्हा गाव कसं होतं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना मुलांसमोरच विचारा. पालिकेत ती पाडायचा विषय निघालाच, तर बोलणारी चार माणसं तरी गावात असतील.