तीन मुले आणि चार मीटरची मोटार

लखनौ - चौक आणि अमीनाबादच्या गल्ल्यांत लहान मोटारच सोयीची ठरते. मात्र सुटीच्या दिवशी हीच मोटार मुलाबाळांसह ३०२ किलोमीटर लांबीच्या आग्रा द्रुतगती महामार्गावर धावते. घरात तीन लहान मुले असतील, तर मागच्या एकाच बाकावर तीन बालआसने, म्हणजेच चाइल्ड सीट, बसवायची कशी, हा प्रश्न तेथे निर्माण होतो.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब समाविष्ट झाले. १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालआसनाने सुरक्षित न केल्यास त्यानुसार एक हजार रुपये दंड होतो. या तरतुदीतील 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रौढांसाठीचा पट्टा चार वर्षांच्या मुलाच्या खांद्यावरून न जाता गळ्यावरून जातो. कायद्याचे पालन होते. संरक्षण होतेच असे नाही.

मुलाला मांडीवर घेऊन बसण्याची सवय तर त्याहून घातक. ताशी ५० किलोमीटर वेगातील मोटार धडकेनंतर अर्ध्या ते पाऊण मीटरमध्ये थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सव्वाशे ते दोनशे किलोचा भार पेलावा लागेल. कोणत्याही आईच्या हातांना ते शक्य नाही. योग्य बालआसनामुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू सुमारे ७१ टक्क्यांनी घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे.

अडचण आहे ती रुंदीची. संयुक्त राष्ट्रांच्या आय-साइझ मानकात बालआसनाची रुंदी ४४ सेंटिमीटरपर्यंत गृहीत धरली आहे. तीन आसनांना १३२ सेंटिमीटर लागतात. मारुती अल्टो के-१० ची बाहेरील रुंदीच १४९ सेंटिमीटर आहे. दोन्ही दारांची जाडी वजा जाता हिशेब जुळत नाही. वॅगन-आर १६२ सेंटिमीटर रुंद असली, तरी तिच्यातही दाटीच होते. शिवाय आसन पक्के अडकवणारे आयसोफिक्सचे खिळे सहसा मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात.

यातून मार्ग निघतो तो मुलांच्या वयानुसार. पंधरा महिन्यांखालील बाळाचे आसन मागे तोंड करूनच हवे, आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर ते कदापि ठेवू नये. दोन लहानग्यांना कडेला बसवून थोरल्यासाठी मध्ये अरुंद बूस्टर ठेवता येतो. मात्र तेथे खांद्यावरून येणारा तीन-बिंदू पट्टा असला पाहिजे. जुन्या गाड्यांत मध्यभागी केवळ कमरेचा पट्टा असतो, आणि त्यावर बूस्टर चालत नाही. तिसरी रांग असलेली, चार मीटरच्या आतील रेनो ट्रायबर २०१९ मध्ये बाजारात आली. ती हा पेच थोडा सैल करते. पण मधल्या रांगेत आसने घट्ट बसवली की मागे जाण्याची वाट अडते, हे विक्रेते क्वचितच सांगतात.

१ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत बालसुरक्षेला ४९ गुण आहेत. धडकेच्या चाचणीत दीड व तीन वर्षांच्या मुलांचे दोनच पुतळे बसवले जातात. त्यामुळे पाच तारे मिळवणाऱ्या मोटारीत तिसऱ्या मुलाचे काय होईल, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही.

याचे मूळ काही अंशी करव्यवस्थेत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्के झाले, आणि चार मीटरची मर्यादा तेव्हापासून रूढ झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हाही इंजिनाच्या क्षमतेबरोबर हीच लांबी निकष ठरली. मोटारीच्या रुंदीवर सवलतीच्या निकषांत कोणतेही बंधन नाही. तरीही सर्वांत स्वस्त गाड्या अरुंदच राहिल्या आहेत, आणि पहिली मोटार घेणारी कुटुंबे बहुधा त्याच गाड्यांकडे वळतात.