ग्राहक-संसार : जुनी सायकल थकली, नवी कोणती घ्यावी?

घरातली सायकल एका दिवसात म्हातारी होत नाही. आधी चेन वरचेवर उतरू लागते. मग मागच्या चाकाचा 'आऊट' काढला तरी आठ दिवसांत ते पुन्हा डुलू लागते. पेडल मारताना क्रँकमधून कटकट आवाज येतो. शेवटी कोपऱ्यावरचा सायकलवाला हात पुसत सांगतो, ''साहेब, आता हिच्यात राम राहिला नाही. नवी घ्या.''

इथवर सगळे सोपे असते. खरी पंचाईत होते ती दुकानात पाऊल टाकल्यावर. पूर्वी ग्राहकाला एवढेच विचारले जाई, की बावीस इंची हवी की चोवीस इंची? रंग काळा की हिरवा? आता एकवीस गिअर, डिस्क ब्रेक, पुढे शॉकॲब्सॉर्बर, मनगटाएवढे जाड टायर अशी नावे कानावर आदळतात. रोज ऑफिसला जायचे आणि एखाद्या रविवारी मोकळ्या हवेत फेरफटका मारायचा, एवढीच ज्याची गरज आहे, तो गृहस्थ या गर्दीत गांगरून जातो आणि जी सर्वांत रुबाबदार दिसते ती उचलतो.

कुठल्याही सोसायटीच्या जिन्याखाली नजर टाकली, तर या घाईचा परिणाम दिसतो. धूळ खात, टायर बसलेल्या, कुलूप गंजलेल्या सायकली तिथे उभ्या असतात. त्या बिघडलेल्या नसतात. त्या चुकून घेतलेल्या असतात. चालवायला जड, बसायला अवघड, कॅरिअर लावायला जागा नाही, मग हळूहळू स्कूटरची किल्ली हातात येते. पैसे तर गेलेलेच असतात, पण वर्षानुवर्षांची एक चांगली सवयही त्यांच्याबरोबर जाते. चाळिशी-पन्नाशीत सुटलेली ही सवय पुन्हा लागणे कठीण. म्हणून ही खरेदी वाटते तेवढी किरकोळ नाही.

आधी जुनीची नाडी पाहा

सायकलवाल्याचे म्हणणे प्रमाण मानण्याआधी घरीच एक छोटी तपासणी करता येते. चेनमधल्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे नव्या चेनच्या २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते. फूटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवून पाहावे. चोविसावी कडी संपते तिथली पिन १२ इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच सरकली असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली. ती एक-अष्टमांश इंच सरकली असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही झिजलेले असणार. अशा वेळी नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दातांवरून घसरते, म्हणून दोन्ही बदलावे लागते.

मग सांगाडा पाहावा. हँडलखालच्या नळीजवळ रंगाला सुरकुत्या पडल्या आहेत का, सांध्यावर बारीक तडा आहे का, पुढचा चिमटा मागे वाकला आहे का? यांपैकी काही आढळले तर मात्र मोह सोडावा. अशी सायकल भर रस्त्यात दगा देऊ शकते. सांगाडा धडधाकट असेल, तर टायर-ट्यूब, चेन-फ्रीव्हील आणि ओव्हरहॉलिंग एवढ्यावर ती आणखी काही वर्षे सुखाने चालते. दुरुस्तीचा खर्च नव्या सायकलीच्या निम्म्यावर जाऊ लागला, तरच नवीचा विचार करणे शहाणपणाचे.

साध्या काळ्या सायकलीची एक खुबी इथे लक्षात घेण्यासारखी आहे. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. पण घरोघरच्या ॲटलास त्यामुळे अडून बसल्या नाहीत. कारण या जातीच्या सायकलींचे बहुतेक सुटे भाग ठरलेल्या मापाचे असतात आणि एका कंपनीच्या सायकलीला दुसऱ्या कंपनीचा भाग चालून जातो. फॅशनेबल सायकलीच्या बाबतीत हे सुख दरवेळी मिळेलच असे नाही.

रस्त्याला विचारा

नवी सायकल निवडताना पहिला प्रश्न दुकानदाराला न विचारता आपल्या रोजच्या रस्त्याला विचारावा. अंतर किती? चढ किती? खड्डे किती? सायकलीवरून डबा, भाजी, दप्तर यांतले काय न्यायचे? रात्री ती तळमजल्यावर राहणार की दोन जिने चढून वर न्यावी लागणार?

समजा, पुण्यात कोथरूडला राहणारे एक गृहस्थ शिवाजीनगरला नोकरीला आहेत. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर, रस्ता बराचसा सपाट, मध्ये सिग्नल आणि स्पीडब्रेकर भरपूर. रविवारी फार तर खडकवासल्यापर्यंत जायचे. त्यांना डोंगरातली सायकल लागत नाही आणि शर्यतीचीही लागत नाही. पण हेच गृहस्थ रोज चांदणी चौकाचा चढ चढणारे असते, तर उत्तर बदलले असते. बडोद्यासारख्या सपाट शहरात राहणाऱ्याला गिअरवाचूनही भागते. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याने गंजाचा विचार आधी करावा.

बाजारातल्या सायकली ढोबळमानाने चार जातींच्या असतात. पहिली साधी काळी. ती दणकट असते, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळे तिला जन्मजात. पण वजन वीस किलोच्या आसपास. दुसरी जाड टायरची डोंगरी सायकल, म्हणजे एमटीबी. तिसरी शर्यतीची, बारीक टायरची आणि खाली वाकलेल्या हँडलची. ती पळते छान, पण खड्ड्याला भिते. चौथी हायब्रिड. शर्यतीच्या सायकलीची मोठी चाके, मध्यम जाडीचे टायर आणि सरळ हँडल असा तिचा मेळ असतो. ऑफिस आणि रविवारची रपेट या दोन्हींना बहुतेक वेळा हीच जात सोयीची पडते. सपाट गावात, कमी अंतरासाठी आणि ओझे वाहण्यासाठी मात्र साध्या काळ्या सायकलीला आजही तोड नाही.

आता त्या शॉकॲब्सॉर्बरविषयी. तरुण मुलांना त्याचे भारी आकर्षण असते. चांगल्या प्रतीचा शॉकॲब्सॉर्बर महाग असतो आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर तो उपयोगीही पडतो. पण स्वस्त सायकलीला लावलेला बहुधा नुसता वजन वाढवतो. चढावर उभे राहून पेडल मारले, की पायांची शक्ती चाकाऐवजी त्या स्प्रिंगला दाबण्यात जाते. शहरातल्या खड्ड्यांसाठी थोडे रुंद टायर आणि त्यांत योग्य हवा हाच सर्वांत स्वस्त शॉकॲब्सॉर्बर होय.

गिअरचे गणित

एकवीस गिअर म्हणजे एकवीस वेगळे वेग, असा अनेकांचा समज असतो. पुढे तीन चक्रे आणि मागे सात, म्हणून तीन साते एकवीस, एवढाच त्याचा हिशेब. यांतल्या बऱ्याच जोड्या जवळपास एकच काम करतात.

गणित सोपे आहे. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १८ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे पावणेतीन वेळा फिरते आणि २८ इंची चाकाची सायकल सुमारे सहा मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण चढावर पाय भरून येतात. तेच पुढे २८ आणि मागेही २८ दाते असतील, तर एका फेऱ्यात चाकही एकदाच फिरते. सायकल सव्वादोन मीटरच जाते, पण गुडघ्यावर भार येत नाही. चढ असलेल्या गावात गिअर हवेत ते एवढ्यासाठीच. शहरी वापराला मागचे सात-आठ गिअर आणि पुढे एकच चक्र एवढे पुरते. भाग जितके कमी, तितकी दुरुस्ती कमी.

चाक, टायर आणि हवा

टायरच्या मापात एक फसगत दडलेली आहे. २६ इंची म्हणून विकले जाणारे सगळे टायर एकमेकांना बसत नाहीत. २६ × १⅜ हे माप ज्या रिमवर बसते तिचा व्यास ५९० मिलिमीटर; डोंगरी सायकलीचे २६ × १.९५ ज्या रिमवर बसते तिचा ५५९ मिलिमीटर. जुन्या २८ × १½ टायरची रिम ६३५ मिलिमीटरची, तर हायब्रिडच्या ७००-सी चाकाची ६२२ मिलिमीटरची. म्हणून टायरच्या कडेवर छापलेले पूर्ण माप उतरवून ठेवावे आणि तो टायर आपल्या पेठेतल्या दुकानात मिळतो का, हे सायकल घेण्यापूर्वीच विचारावे.

शहरासाठी ३५ ते ४२ मिलिमीटर रुंदीचा, फार खाचा नसलेला टायर चांगला. हवा किती भरायची हे टायरवरच लिहिलेले असते. हवा कमी असेल तर सायकल जड जाते आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेमटून पंक्चर होते. व्हाल्व्हही पाहून घ्यावा. मोटारसायकलीसारखा जाड व्हाल्व्ह असेल, तर कुठेही हवा भरता येते. बारीक, फ्रेंच धाटणीचा व्हाल्व्ह असेल, तर त्याचा छोटा पितळी जोड खिशात हवाच. नाहीतर रस्त्याकडेचा पंक्चरवालाही हात टेकतो.

ब्रेक

रिमवर दाबणारे ब्रेक साधे आणि स्वस्त असतात. त्यांची रबरे घरीही बदलता येतात. पावसात मात्र रिम ओली झाली, की ब्रेक लागायला क्षणभर उशीर होतो. डिस्क ब्रेक पावसात जास्त भरवशाचे. त्यांतही तारेवर चालणारा डिस्क सर्वसाधारण मेकॅनिकला जमतो. तेलावर चालणाऱ्याला जाणकार हात लागतो. पावसाळाभर सायकल चालवणाऱ्याने डिस्कचा जरूर विचार करावा. ब्रेक कोणताही असो, दोन्ही एकदम आणि बेताने दाबण्याची सवय ठेवावी.

माप अंगाचे

शर्टाप्रमाणे सायकलीलाही माप असते, हे आपल्याकडे अजून फारसे मानले जात नाही. ''सीट खाली-वर करून देतो'' हे दुकानदाराचे उत्तर पुरेसे नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून जमिनीवर उभे राहावे. दांडा आणि शरीर यांत दोन-तीन बोटे तरी अंतर हवे. मग सीटवर बसून पेडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला, तर सीटची उंची बरोबर. चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्याला आपोआप हलका बाक राहतो. सीट फार खाली ठेवून वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यात सायकलीचा काय दोष!

आडवा दांडा नसलेली, म्हणजे आपल्याकडे 'लेडीज' म्हटली जाणारी सायकल केवळ स्त्रियांसाठी असते, हाही एक जुना गैरसमज. साडी किंवा ओढणी असेल, तर ती, ड्रेसगार्ड आणि पूर्ण चेनकव्हर हवेच. पण कंबर धरलेल्या, पाय उंच टाकता न येणाऱ्या आजोबांनाही हीच सायकल सुखाची. घरात दोघांत एक सायकल वापरायची असेल, तर संकोच न करता हीच घ्यावी.

पैसे देण्यापूर्वी

सगळे पैसे सायकलीवरच खर्चू नयेत. निदान दहावा-आठवा हिस्सा कुलूप, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, घंटी, पंप आणि हेल्मेट यांसाठी बाजूला ठेवावा. अनेक नव्या सायकलींना मडगार्ड, स्टँड, कॅरिअर नसतात. ते बसवण्यासाठी सांगाड्याला भोके आहेत का, हे आधीच पाहावे. नाहीतर पहिल्याच पावसात चिखलाची पट्टी ऑफिसच्या शर्टावर उमटते. पावतीवर सांगाड्याचा नंबर लिहून घ्यावा. तो बहुधा क्रँकच्या खाली ठोकलेला असतो. चोरी झाल्यास ओळख पटवायला तोच कामी येतो. भाव करताना हेही लक्षात असावे, की सायकलीवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

सायकल खोक्यातून घरी आली, तर जोडणी मेकॅनिककडूनच करून घ्यावी. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे ठाऊक नसलेला उत्साही मुलगा जोर लावतो आणि क्रँकचे आटे कायमचे घालवतो. महिनाभराने तारा आणि ब्रेक पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. नवेपणी ते सैल पडतातच.

आणि शेवटची कसोटी रस्त्यावरची. दुकानासमोर गोल फेरी मारून 'छान आहे' म्हणू नये. पंधरा मिनिटे चालवून पाहावी. एखादा चढ चढावा, एखादा जोराचा ब्रेक मारावा, दोन हातांनी उचलूनही पाहावी. दुकानदार खळखळ करू लागला, तर शहरात दुकाने पुष्कळ आहेत. जी सायकल पंधरा मिनिटांनंतर आणखी थोडी चालवावीशी वाटते, ती घरी आणावी. रंग आवडला नाही तरी चालेल. जिन्याखाली धूळ खात पडायची वेळ तिच्यावर सहसा येत नाही.